ठकुनानीच्या हातचं

दोन वर्षं माझ्या पोटाचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. हे आधी सांगते, म्हणजे पुढं मी जे केलं ते का केलं हे कळेल. कळलं म्हणजे माफ करा असं माझं म्हणणं नाही.

आमची वाडी हिर्डोशीच्या वरच्या अंगाला. गाडीरस्ता संपला की अर्धा तास चढ, मग बावीस उंबरे. लग्न होऊन आले तेव्हा मी दगडसुद्धा पचवला असता. मग एका श्रावणात सगळ्या वाडीला जुलाब लागले. बाकीचे आठवड्यात उठून कामाला लागले, माझं पोट मात्र तिथून बिघडलं ते बिघडलंच. जेवून अर्धा तास झाला की पीळ पडायचा, पोट फुगायचं आणि पळायला लागायचं. कधी सकाळपासून सहा वेळा, तर कधी तीन-तीन दिवस काहीच नाही. भातलावणीत चिखलातून बांधावर आणि बांधावरून झुडपाआड, असं दिवसभर चालायचं. बायका हसायच्या. माझी सासू चंद्राबाई हसायची नाही.

"काम निघालं की बरं दुकतं गं तुजं," ती म्हणायची. "निजायच्या येळंला न्हाई दुकत."

निजायच्या वेळेलाही दुखायचं. पण ते ऐकायला कोण जागं असतं?

माझा नवरा गोरख भोरला एका दुकानाचा टेम्पो चालवतो. त्याच्या मागं लागून लागून एकदाची डॉक्टरांकडं गेले. त्यांनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, पुण्याला पाठवून दुर्बिणीनं आतडंही बघून घेतलं. सगळं क्लियर. डॉक्टर म्हणाले, "आतड्याला जखम नाही, गाठ नाही. पण तुमचं आतडं फार लवकर चिडतं. आजार खरा आहे, ढोंग नाही." मी मनात म्हटलं, आतडं मालकिणीवर गेलंय. पण 'आजार खरा आहे' हे शब्द गोरखनं ऐकायला हवे होते, आणि तो नेमका मोबाईलवर बोलत बाहेर गेलेला. घरी येऊन आईला म्हणाला, "डाक्टर म्हणला, काय न्हाई." झालं. त्या दिवसापासून मी रीतसर नाटकी ठरले.

डॉक्टरांनी काय खावं याचा छापील कागद दिला होता. त्यावर ओट्स होते, किवी होतं, कसलंसं वेगळं दूध होतं. आमच्या खालच्या दुकानात बिस्किटं, तंबाखू आणि काड्यापेटी मिळते. माझं तोंड बघून डॉक्टर म्हणाले, "कागद राहू द्या. एक वही करा. काय खाल्लं, कुठं खाल्लं, किती वेळानं त्रास झाला, रोज लिहा. कशानं बिघडतं ते तुमचं तुम्हालाच सापडेल."

मी सातवीपर्यंत शिकलेय आणि माझं अक्षर बरं आहे. लिहायला लागले.

घरी. नाचणीची भाकरी, दुधी. काही नाही.

घरी. दुधाचा चहा, दोन कप. तासाभरात पळाले.

ठकुनानीकडं. उडदाचं घुटं आणि भात. अर्ध्या तासात पीळ. पाच वेळा.

दोन महिन्यांत सापडलं. तांदळाची पेज चालते. नाचणी चालते, तांदळाची भाकरी चालते, दुधी आणि दोडका चालतो. दूध, गहू, उडीद आणि कांदा चालत नाही. लसूण तर माझा वैरीच. आता बिनकांद्याचं, बिनलसणाचं वेगळं कालवण घरात मागायची माझी छाती नव्हती. मी आपली आमटी बाजूला सारून मीठ-भाकरी खायची आणि सासूची बोलणी वरून. वहीत सगळं होतं, ताटात काही येत नव्हतं.

आणि ठकुनानी होती. माझी चुलत सासू, पण सगळी वाडी तिला नानीच म्हणायची. नवरा तिचा पुण्याला वॉचमन, लेक लग्न होऊन पाली गावात, राजगडाखाली. नानी वाडीच्या शाळेत अकरा पोरांची खिचडी शिजवायची. तिच्या हाताला चव होती आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं. वाडीत माझ्यावर विश्वास ठेवणारी ती एकटी. मला रस्त्यात गाठून हाताला धरून घरात न्यायची.

"किती वाळलीस रत्ना! तुजी सासू नुसती बोलती, का खायला बी देती? बस हितं. उडदानं ताकत येती."

उडीद घोटून केलेलं ते घुटं, वर मूठभर लसणाची फोडणी. मी आजारी म्हणून माझ्या वाटीत लसूण जास्त. नको म्हणता येत नव्हतं. आमच्याकडं समोर आलेलं ताट सारणं म्हणजे वाढणारीला थोबाडीत मारणं. आणि खरं सांगू का, कुणीतरी 'खा' म्हणत होतं, याचंच मला रडू यायचं. मी खायची, पळायची आणि वहीत लिहायची.

गेल्या श्रावणात मी बांधावर चक्कर येऊन पडले. तेव्हा मात्र घरचे घाबरले आणि वेल्ह्याकडचा देवऋषी आणला. गेनू त्याचं नाव. ओसरीवर बसून त्यानं माझ्या पोटावर बोटं दाबली, डोळे मिटले आणि म्हणाला, "हिला कुणीतरी खायला घातलंय. करणी हाय."

चंद्राबाईच्या तोंडाकडं माझं लक्ष गेलं. ती रडत होती. "तरीच," ती म्हणाली. "तरीच माजं लेकरू असं वाळत चाललंय." लेकरू! दोन वर्षं ढोंगी म्हणणारी बाई माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

गेनू म्हणाला, "आठवा. कुणाच्या हातचं खाल्लं की हिला तरास होतो?"

गोरख आत गेला आणि माझी वही घेऊन आला. दोन महिने ज्या वहीला त्यानं हात लावला नव्हता ती वही त्यानं ओसरीवर उभं राहून मोठ्यानं वाचली. चार ठिकाणी ठकुनानीचं नाव होतं आणि चारही ठिकाणी पुढं पीळ लिहिलेला. दुधाच्या चहानं मी त्याहून जास्त वेळा पळाले होते, पण तिथं 'घरी' एवढंच होतं. घरावर कोण संशय घेणार?

लसूण हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. तेवढा एक शब्द टाकला असता तरी पुरे होतं. पण सासूचा हात माझ्या पाठीवर होता, आणि गोरख माझ्याकडं असा बघत होता, जणू म्हणतोय, बायको खरंच आजारी आहे, आपणच चुकलो. मला बरं वाटलं. सांगायला लाज वाटते, पण फार बरं वाटलं. मी गप्प बसले.

गेनूनं चाळीस दिवसांचं पथ्य दिलं. दुसऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा नको. कांदा-लसूण नको, दूध नको, डाळ नको. तांदळाची पेज, नाचणी आणि मीठ, तेही सासूनं स्वतः शिजवून द्यायचं. वहीतलं निम्मं तरी हेच होतं. त्याच्या तोंडून आलं तेव्हा सासूनं त्याच संध्याकाळी माझ्यासाठी वेगळी चूल मांडली.

मग व्हायचं तेच झालं. आठ दिवसांत माझी पळापळ थांबली. पंधरा दिवसांत मी गवत कापायला जायला लागले. वाडी बघत होती. नानीच्या हातचं बंद झालं आणि रत्ना उठली, याहून वेगळा पुरावा कुणाला हवा होता? मी धडधाकट चालत होते, आणि जितकी चालत होते तितकी नानी खोलात जात होती.

शाळेत आधी एका आईनं पोराबरोबर घरचा डबा धाडला. आठवड्यात अकरा डबे आले. नानी खिचडी शिजवून दारात उभी राहायची आणि पातेलं तसंच. गुरुजी बिचारे चार गोष्टी सांगून थकले, शेवटी त्यांनी दुसरी बाई ठेवली. नानीच्या दारावरून जाताना बाया लेकरांना पलीकडच्या अंगाला घ्यायला लागल्या.

विहिरीवर एकदा तिनं मला एकटीला गाठलं. नेहमीसारखा हात धरला नाही, दोन हात लांब उभी राहिली.

"रत्ना, तू तरी सांग. म्या तुला काय घातलं?"

"लसूण," मी म्हणाले. "नानी, मला लसूण सोसत न्हाई. उडीद बी न्हाई. बाकी काय न्हाई ओ."

"आगं मंग येवडं त्या दिशी का न्हाई बोललीस?"

काय सांगणार? सासूचा हात पाठीवर होता म्हणून, असं? मी घागर उचलून वाटेला लागले.

त्या संध्याकाळी मात्र मी घरात बोलले. वहीतली पानं दाखवली, दूध दाखवलं, गहू दाखवला. गोरख म्हणाला, "मंग आता बरी कशानं झालीस? देवऋष्यानंच केलीस ना?" सासू घाबरून माझ्याकडं बघायला लागली. "म्हातारीनं परत काय तरी केलं. तिचीच बाजू घ्याय लागली बगा ही."

मार्ग नानीनंच काढला. शनिवारी सगळी वाडी मारुतीला नारळ फोडायला जमते. तिथं सगळ्यांच्या देखत ती चूल मांडणार, सगळ्यांच्या देखत पेज शिजवणार आणि मी ती खाणार. "तांदूळ, पाणी, मीठ. तू सांगशील तसं करते. तू खाऊन तासभर हितं नुसती बस, येवडंच माजं काम कर." मी हो म्हणाले. पेज मला कधीच बाधली नव्हती. हे एक तरी आपण नीट करू, असं मला मनापासून वाटत होतं. गोरख नको म्हणाला, सासूनं पाया पडून विनवलं, तरी मी ऐकलं नाही.

शनिवारी नानी अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून आली. तांदूळ तिनं गुरुजींच्या घरातले आणले, मीठही त्यांचंच. पातेलं सगळ्यांसमोर घासलं. पेज अगदी मला हवी तशी झाली होती, पातळ आणि मऊ. तिनं वाटी भरली आणि माझ्यापुढं ठेवली.

पहिला घोट घेतला आणि मी वर बघितलं. बावीस घरांची माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती, पोरंसुद्धा. सासू पदर तोंडात धरून उभी होती. मी सावकाश सगळी वाटी संपवली आणि बसून राहिले.

थोड्या वेळानं बेंबीखाली कळ आली. मी म्हटलं, नाही. आज नाही. पेजेत काही नव्हतं, हे त्या सगळ्या गर्दीत मला एकटीला पक्कं माहीत होतं. पण चिडायला माझ्या आतड्याला नुसती भीतीही पुरायची. भोरच्या दवाखान्यात नंबर यायची वाट बघतानाही ते असंच पिळायचं. हे मला आता, सगळ्यांच्या मध्ये बसल्यावर आठवलं. मी दात आवळले, मांड्या आवळल्या, मारुतीचं नाव घेतलं. घामानं पाठ भिजली. नानी माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "बस गं माजी बाय. थोडंच ऱ्हायलं."

मी उठले आणि पळाले. देवळामागच्या करवंदीच्या जाळीपर्यंतसुद्धा पोचले नाही. लुगडं भरलं. मागून एका बाईची किंकाळी आली आणि माणसांनी पोरं उचलून घराकडं धूम ठोकली.

मी परत आले तेव्हा देवळापुढं नानी एकटी होती. पातेल्यातली उरलेली पेज ओंजळीत घेऊन ती नाकाशी नेत होती, पुन्हा पुन्हा. मी ओरडून सांगितलं, "नानी, पेज न्हाई ओ, भ्यालं माजं पोट!" ती माझ्याकडं न बघताच म्हणाली, "नुस्ते तांदूळ व्हते गं. नुस्ते तांदूळ."

नंतर मी ज्याला-त्याला सांगत सुटले. लोक मला आणखी एक ताईत बांधायला सांगायचे. माझं पथ्य अजून चालू आहे, सासू अजून वेगळं शिजवते, आणि मी बरी आहे.

दिवाळीला नानीची लेक नूतन तिच्या तीन वर्षांच्या पोरीला घेऊन पालीहून आली. दुपारी नानी आमच्या उंबऱ्याशी आली. आत आली नाही. दोन्ही हात पदराखाली घेतलेले.

"रत्ना, नूतन नदीवर धुणं घेऊन गेलीया. पोरीला भूक लागली. तुज्या हातचा वाईच भात दे गं तिला."

"घरात भात न्हाई का नानी?"

"हाय की. म्याच शिजवलाय. माज्यापुरता."

मी म्हणाले, "नानी, तुमच्या हातात काय बी न्हाई. मला ठावं हाय."

"तुला ठावं हाय," ती म्हणाली. "मला न्हाई."

मी ताटलीत भात वाढून पुढं केला. तिनं हात बाहेर काढले नाहीत. "तूच चल आन् तूच भरव," म्हणाली, आणि वाटेत माझ्यापासून दोन हात लांबून चालत राहिली.