टाळ्यांनंतरचा ठोका

मित्रांनो, मला पाहून तुम्हाला वाटेल, तपकिरीच्या डबीला शेपूट फुटलंय. वाटू द्या. मी एक जुनी पायचिपळी आहे. दूर पूर्वेकडच्या देशातल्या आमच्या सा देक गावात मला सोंगलान म्हणतात. मूठभर लाकूड, आतून पोकळ, समोर शिंपल्याच्या तोंडासारखी फट. मागे म्हशीच्या शिंगाची लवचिक पट्टी आणि तिच्या टोकाला लाकडी गोळी. पट्टीवर पाय दाबला की गोळी आपटते आणि मी ‘टक्’ म्हणते. जन्मभर मी एवढंच बोलत आले. त्यामुळे मला कुणी धड वाद्यसुद्धा म्हणत नाही, पण माझ्यावाचून कुणाचं गाणं पुढे सरकत नसे, हेही तितकंच खरं.

होडी बांधून उरलेल्या लाकडातून एका सुताराने मला कोरलं. माझ्याआधीच्या दोन त्याने ठोकून पाहिल्या आणि आवाज बसका वाटला म्हणून चुलीत घातल्या. मी पसंत पडले आणि तामदादाच्या पायाशी आले. तामदादा संगीत नाटकाच्या मंडळीत दोन तारांची चंद्रवीणा वाजवत. वरती त्यांची बोटं, खाली त्यांच्या पायाखाली मी. त्यांच्या टाचेला पडलेली भेगसुद्धा मला पाठ होती.

आमची मंडळी होडीतून फिरायची. कालव्याकाठी बाजार दिसला की होडी बांधायची, चार बांबू रोवायचे आणि पडदा टांगायचा. प्रेक्षकांच्या शिस्तीचं म्हणाल, तर तिचा पत्ता नव्हता. कलिंगडाच्या बिया फोडण्याचा कडकड आवाज सतत चालायचा. उसाचे तुकडे चघळत म्हाताऱ्या मोठ्याने बोलायच्या. नाटकातला दुष्ट सावकार आला की एखादी बाई उठून नायिकेला सांगायची, “अगं सूनबाई, त्याच्या गोड बोलण्याला भुलू नकोस. मेला मागच्या दाराशी माणसं घेऊन उभाय!” आणि नायिकेचं काम करणारी थोआताई मान हलवून तिला थँक्यूही म्हणायची.

पण एक क्षण असा होता की तिथे सगळे आपोआप गप्प व्हायचे. तो क्षण म्हणजे वोंग को, आमचं दुःखाचं मोठं गाणं. त्याच्या सुरुवातीला ताल नसतो. गाणारी एका श्वासात शब्दांमागून शब्द ओवत जाते, सूर वर चढवते, तिथे लोंबकळत ठेवते आणि मग हळूच खाली आणून ठरलेल्या स्वरावर टेकवते. ती खाली येईपर्यंत बिया फोडणारे दात थांबायचे. रडणाऱ्या पोराला आई छातीशी घ्यायची. सूर टेकला रे टेकला की टाळ्यांचा असा कडकडाट व्हायचा की बांबू हलायचे.

मित्रांनो, त्या टाळ्या नुसत्या कौतुकाच्या नव्हत्या. एवढ्या लांब ओळीनंतर गाणारीच्या छातीत काही उरलेलं नसतं. टाळ्यांच्या आडोशाला ती श्वास भरून घेते. त्या ओसरू लागल्या की माझा पहिला ठोका पडतो आणि ताल सुरू होतो. माझा तो पहिला ठोका टाळ्यांतच बुडून जायचा. कुणालाच तो कधी ऐकू आला नाही आणि मला त्याचं मुळीच वाईट वाटत नसे.

सगळ्यात आधी टाळी वाजवायची ती मुओई. ती होडीतून अननस विकायची. तिचे हात काट्यांनी खरखरीत झालेले, त्यामुळे तिची टाळी लांबूनही ओळखू यायची. थोआताई तिला म्हणायची, “मुओई, तू एक दिवस आली नाहीस ना, तर मी स्टेजवरच गुदमरून मरेन.”

“मग मी तुझ्या जागी उभी राहीन,” मुओई म्हणायची. “तोंड बघ माझं, नायिकेचंच आहे की नाही?”

पुढे घरोघर टीव्ही आले आणि कालव्याकाठचे बाजार संध्याकाळी रिकामे पडू लागले. मंडळीची होडी विकली गेली. थोआताईने तांदळाच्या शेवयांच्या सूपचं दुकान टाकलं. चुलीच्या धुराने तिचा घसा धरला, मग घशाचं एक ऑपरेशन झालं आणि तिने गुणगुणणंही सोडलं. मी तामदादांच्या घरी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडून राहिले. गंजलेल्या खिळ्यांच्या शेजारी दिवस काढणं कसं असतं, ते तुम्हाला कळायचं नाही.

मग गावात नवीन नाट्यगृह झालं. तिथली व्यवस्था दिएम नावाची मुलगी पाहायची. सायगाव शहरात परदेशी संगीत नाटकांच्या प्रयोगांत काम करून ती सा देकला परत आली होती. पोर गुणी होती. जुनं नाटक पुन्हा उभं करायचं आणि थोआताईने चार मुलींना गाणं शिकवायचं, असा तिने ध्यास घेतला होता. तिच्या सांगण्यावरून तामदादा मला खिशात घालून थोआताईच्या दुकानात गेले.

“थोआ, एकच गाणं गा.”

“तामदादा, या गळ्यात आता फक्त सूप उकळतं. वाटीभर देऊ?”

“सूप दे आणि गाणंही दे.”

थोआताईने पळीने सूप ढवळलं. मग म्हणाली, “बरं, गाते. पण सूर खाली टेकल्यावर टाळी पडली तरच मी पोरींना शिकवायला बसेन. नाही पडली, तर गळा गेला असं समजायचं. मग मला पुन्हा विचारायचं नाही. कबूल?”

“कबूल.” तामदादा हसले. त्यांना वाटलं, पैज जिंकल्यातच जमा आहे.

तालमीत तिचा आवाज बारीक निघाला, पण अगदी जिथल्या तिथे टेकला. फक्त त्यानंतर तिला पूर्वीपेक्षा जास्त दम घ्यावा लागत होता. तामदादा म्हणाले, “टाळ्यांत मिळेल तेवढा वेळ.” मला इतकं बरं वाटलं होतं त्या दिवशी. डब्यातल्या खिळ्यांचा निरोपसुद्धा मी मनातल्या मनात घेऊन टाकला.

प्रयोग रविवारी सकाळी होता. शाळेची मुलं ओळीने येऊन बसली होती. दुसऱ्या रांगेत मुओई होती, केस पांढरेशुभ्र आणि अंगात ठेवणीतला जांभळा सदरा. पडद्याबाहेर दिएम माइकवर सांगत होती, “फोन बंद करा. खाऊ बाहेर ठेवा. आपसात बोलू नका. आणि मुलांनो, गाणं चालू असताना मध्येच टाळ्या वाजवायच्या नाहीत. कलाकारांचं लक्ष उडतं. टाळ्या शेवटी, सगळ्यांनी मिळून.”

ते तामदादांनी ऐकलं. थोआताई आत केसांत पिना खोचत होती, तिच्या कानावर गेलं नाही. तामदादा शेजारच्या गिटारवाल्याला म्हणाले, “सांगू दे. लोकांचे हात असे सांगून थांबतात होय?”

मला तोंड असून बोलता येत नाही, हे मला त्या वेळी फार लागलं.

थोआताईने ती ओळ उचलली. सूर वर गेला, थरथरला, वरच थांबला आणि मग असा अलगद खाली आला की माझ्या पोटातली पोकळी घुमली. मी तिला तरुणपणी ऐकलंय. खरं सांगते, इतकं चांगलं ती तेव्हाही गायली नव्हती. सूर टेकला.

नाट्यगृहात चिटपाखरू हललं नाही.

दुसऱ्या रांगेतून एक खरखरीत टाळी आली. लगेच स्वयंसेवकाचा बिल्ला लावलेली एक मुलगी वाकून मुओईचा हात धरत हळूच म्हणाली, “आजी, शेवटी वाजवायच्या हं.” मुओई कधी शाळेची पायरी चढली नव्हती. एवढ्या मोठ्या इमारतीत आपल्याला काही माहीत नाही असं वाटून ती ओशाळली आणि तिने दोन्ही हात मांड्यांखाली घेतले.

तामदादांचा पाय माझ्यावर अधांतरी राहिला. पण गिटार आणि सारंगी वाजवणारी पोरं तालमीत ठरल्याप्रमाणे पुढे निघाली होती. पाय खाली आला. टक्. त्या दिवशी माझा पहिला ठोका पहिल्यांदाच शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. थोआताईने दचकून माझ्याकडे पाहिलं. छातीत श्वास नसताना तिने पुढची ओळ उचलली आणि ती मध्येच तुटली. राहिलेले शब्द तिने नुसते म्हटले. मुलं हसली नाहीत, कुजबुजलीही नाहीत. फार शहाणी मुलं होती ती.

गाणं संपल्यावर सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. बऱ्याच मुलांचे डोळे ओले होते. पण थोआताई तोवर आत येऊन केसांतल्या पिना काढत होती.

“थोआ, त्यांना मनाई केली होती. मी कानाने ऐकलं,” तामदादा म्हणाले.

“मनाई केली म्हणून कुणाचं हसू थांबतं का, दादा? आतून आलं की हात आपोआप उठतात. मुओईनेसुद्धा एकदाच वाजवून हात आवरले. तुम्ही भले आहात म्हणून असं सांगताय.”

“आणि आता वाजवतायत ते?”

“आता म्हातारीची कीव करतायत.”

तेवढ्यात दिएम धावत आली. तिचा चेहरा आनंदाने फुलला होता. “मावशी, एकही मूल जागचं हललं नाही! इतकं शांत प्रेक्षागृह मी कधी पाहिलं नव्हतं.”

“मीही नाही, बाळ,” थोआताई म्हणाली आणि चपला घालून मागच्या दाराने निघून गेली.

तामदादांनी दिएमला सगळं सांगितलं तेव्हा ती तिथेच खाली बसून रडली. दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली. थोआताईने तिला सूप वाढलं, वर हिरवा पालाही जास्त घातला आणि विचारलं, “समजूत घालायला तामदादांनी पाठवलं ना?” पुढचं तिने काही ऐकून घेतलं नाही. मुओई तर दुकानासमोरून होडी नेणंच टाळते. आपण हात मांड्यांखाली घेतले, हे ती अजून स्वतःला माफ करू शकलेली नाही. त्या चार मुलींपैकी दोघी ब्यूटी पार्लरचं काम शिकायला गेल्या, उरलेल्या दोघींचं काय झालं ते मला ठाऊक नाही. एवढं खरं, की सूर असा वर धरून अलगद खाली आणणारं आता आमच्या गावात कुणी नाही आणि होईलसं वाटतही नाही.

तामदादांनी मला नाट्यगृहाला देऊन टाकलं. दारातल्या काचेच्या पेटीत मी असते. पेटीवर ‘हात लावू नये’ अशी पाटी आहे, आणि पायाबद्दल विचारायला कुणी येतच नाही. येणारी मुलं माझ्याकडे पाहतात आणि रांगेने आत जातात.

मित्रांनो, नाटकाला जाल तेव्हा फोन जरूर बंद करा, खाऊची पिशवी कुरकुरवू नका, पुढच्याच्या खुर्चीला पाय लावू नका. ते सगळं बरोबरच आहे. पण आत जाण्याआधी शेजारच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, की इथे टाळी कुठे वाजवायची असते. ज्याचं गाणं असेल, त्याची रीत त्यालाच ठाऊक असते. आणि कधी तुमचे हात आतून उठले, तर ते मांड्यांखाली घेऊ नका. समोर कुणीतरी श्वासासाठी थांबलेलं असेल.

आमच्या गावासाठी हे सांगायला उशीर झाला. तरी तुमच्या गावात माझ्यासारखी एखादी चिपळी असेल, तर तिचा पहिला ठोका तुम्हाला कधीच ऐकू न येवो.