सूचना या सदराखाली

“राष्ट्राचा आवाज कधीही बदलत नसतो!” अशी घोषणा संचालकांनी केली तेव्हा ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभे होते, कारण सभागृहाची किल्ली सापडत नव्हती. खाली जमलेल्या साठ-सत्तर कर्मचाऱ्यांपैकी पुढच्या दोन रांगांनी टाळ्या वाजवल्या. मागच्यांना काही ऐकूच आलं नाही. रेडिओच्या इमारतीत माइकशिवाय बोलायची पाळी आली की असंच होतं.

“माणसं येतात, माणसं जातात,” संचालक पुढे म्हणाले. “श्रोता जोडलेला असतो तो केंद्राशी. म्हणून उद्यापासून सकाळच्या कार्यक्रमाला आपण नवा आवाज देत आहोत.”

म्हणजे कधीही न बदलणारा आवाज उद्या सकाळी सहाला बदलणार होता.

मागच्या रांगेत भिंतीला पाठ लावून पत्रबाई उभ्या होत्या. श्रोत्यांची पत्रं फोडायची, वाचायची, वहीत चढवायची आणि उत्तरं धाडायची, हे काम त्या एकोणतीस वर्षं करत होत्या. या काळात आपल्याला कधी राग आल्याचं त्यांना आठवत नव्हतं. राग यायला निवांतपणा लागतो, आणि टपाल दिवसातून दोनदा येतं.

“सकाळकाकांना सांगितलंय ना पण?” त्यांनी शेजारच्या ध्वनिमुद्रणवाल्याला विचारलं.

“काका बारालाच घरी गेले की. आजही कार्यक्रम संपवताना नेहमीसारखं म्हणाले, ‘बरं तर, उद्या भेटू.’”

“अहो, म्हणजे त्यांना ठाऊकच नाही!”

“संध्याकाळी शिपाई चिठ्ठी घेऊन जातोय. कळेल.”

सकाळकाका हे नाव श्रोत्यांनी ठेवलेलं. एकतीस वर्षं ते रोज सहाला वेळ सांगत, हवामान सांगत, गाणी लावत, कुणाच्या तरी लेकीचं पत्र वाचून दाखवत आणि आठ वाजता ‘उद्या भेटू’ म्हणत. म्हटल्याप्रमाणे भेटतही. त्या दिवशी ते पहिल्यांदाच अख्ख्या देशाला थाप मारून घरी गेले होते, आणि आपण थाप मारली हे त्यांना स्वतःलाच संध्याकाळी साडेपाचला शिपायाकडून कळलं.

तिसऱ्या दिवशी टपालाची पहिली गोणी आली.

पत्रविभागाच्या वहीत तीन रकाने होते: प्रशंसा, सूचना आणि संकीर्ण. तक्रार नावाचा चौथा रकाना पूर्वी असे. एका जुन्या संचालकांनी तो काढून टाकला, आणि त्या वर्षी तक्रारींची संख्या शून्यावर आली. त्याबद्दल त्यांना बढती मिळाली. तेव्हापासून लोकांचा राग ‘सूचना’ या सदराखाली जमा होत असे. ‘तुमच्या इमारतीला टाळं ठोका,’ ही सूचना. ‘लाजा सोडल्यात का?’ हीसुद्धा सूचना. एका निवृत्त तारमास्तरांनी सात पानं संयमानं लिहून शेवटी एकच शब्द मोठ्या अक्षरांत लिहिला होता. तो सूचना म्हणून अमलात आणण्यासारखा नसल्यामुळे पत्रबाईंनी त्यांना ‘संकीर्ण’मध्ये घातलं.

पहिल्याच आठवड्यात दोन हजार एकशे चाळीस सूचना आल्या. संचालकांनी वर कळवलं: ‘नव्या धोरणामुळे श्रोत्यांचा उत्स्फूर्त सहभाग चौपटीने वाढला आहे.’

घरी पत्रबाईंच्या वाट्याला आणखी एक गोणी होती. ती बोलणारी होती.

“आलीस? काढलंत ना त्या भल्या माणसाला?” सासूबाईंनी चप्पल काढायलाही उसंत दिली नाही.

“मी नाही काढलं, आई.”

“तुझ्याच ऑफिसनं काढलं ना? मग झालं तर. काय ती नवी पोरगी! वेळ सांगते की चिमटे काढते, कळत नाही. मेले तरी आता तो रेडिओ लावायची नाही मी.”

“मेल्यावर तुला लावता तरी कुठे येणार आहे?” वर्तमानपत्राच्या मागून नवरा म्हणाला.

“तू गप रे. तुझी बायको त्यांना सामील आहे.”

पत्रबाई स्वयंपाकाला लागल्या.

दुसऱ्या आठवड्यात पत्रांचा सूर पालटला. शिव्या कमी झाल्या आणि सांत्वन सुरू झालं. ‘सकाळकाका गेले, फार वाईट झालं. शेवटी त्रास तर झाला नाही ना?’ ‘घरच्यांचा पत्ता कळवा, भेटून यावं म्हणतो.’ एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी तर सरळ हिशेबच मांडला होता: ‘एकतीस वर्षं शब्दाला जागलेला माणूस उद्या भेटू म्हणून येत नाही, तर तो मेला असल्याशिवाय दुसरं काय कारण असणार? तुम्ही लपवता आहात.’

ते पत्र वाचून पत्रबाईंनी काकांना फोन लावला.

“बोला बाई,” काका म्हणाले. आवाज तसाच होता, धुऊन वाळत घातल्यासारखा स्वच्छ.

“काका, लोकांना वाटतंय की तुम्ही…”

“ठाऊक आहे हो. काल किराणा आणायला गेलो, तर दुकानदार माझं बोलणं ऐकून हळहळला. म्हणाला, ‘बिचारे सकाळकाका! अगदी तुमच्यासारखाच आवाज होता त्यांचा.’”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, हो, पुष्कळ जण म्हणतात तसं.” काका हसले. मग हसू विझलं. “मी अर्ज केलाय बाई. परत घ्या म्हणत नाही. नवी माणसं यायलाच हवीत. फक्त पाच मिनिटं द्या, निरोप घेऊ द्या. मी उद्या भेटू म्हणून आलोय हो! माणूस असा उठून जातो का कुणाच्या घरातून?”

“मग उत्तर काय आलं?”

“‘निरोप ही बाब धोरणात बसत नाही.’”

फोन खाली ठेवताना पत्रबाईंच्या तळपायाची आग मस्तकाकडे निघाली. गुडघ्यात संधिवात असल्यामुळे तिथे ती जरा रेंगाळली, पण पोचली.

दुसऱ्या दिवशी टेबलावर छापील कार्डांचे गठ्ठे येऊन पडले. ‘सकाळकाकांनी स्वेच्छेने विश्रांती स्वीकारली आहे. आपला स्नेह केंद्रावर असाच राहू द्या.’ खाली सहीपुरती जागा सोडलेली. काकांच्या सहीचा रबरी शिक्का वर्षानुवर्षं पत्रबाईंच्या खणात असे. उत्तरांवर मारायला काकांनीच तो दिला होता. गठ्ठ्यावर संचालकांची चिठ्ठी होती: ‘सहीचा शिक्का मारून सर्व पत्रलेखकांना पाठवणे.’

पत्रबाईंनी शिक्का हातात घेतला. शाईत बुडवला. ‘स्वेच्छेने’ या शब्दाकडे बराच वेळ पाहिलं. मग शिक्का पुसून खणात ठेवला, खणाला कुलूप लावलं आणि लेखणी उचलली. छापील मजकुरावर एक सरळ रेघ ओढून त्यांनी खाली लिहिलं: ‘सकाळकाका ठणठणीत आहेत. त्यांना न सांगता काढलं. निरोपाला पाच मिनिटं मागितली, तीही दिली नाहीत.’ खाली स्वतःची सही केली, ‘पत्रविभाग’ असं लिहिलं आणि केंद्राचा गोल शिक्का ठोकला. नियमाप्रमाणे जावक क्रमांक टाकला, वहीत नोंद केली.

मग दुसरं कार्ड घेतलं.

चार दिवसांत सहाशे बारा कार्डं गेली. बोटं आखडली तेव्हा अंगठ्याला फडकं बांधून त्या लिहीत राहिल्या. तिसऱ्या दिवशी नवी निवेदिका टेबलापाशी येऊन उभी राहिली. तिशीही न गाठलेली, डोळ्यांखाली काळं आलेली.

“मावशी, या सगळ्या मला शिव्या आहेत?”

“छे गं. तुझा गठ्ठा वेगळा आहे, तो बारका.”

“मी नव्हतं हो मागितलं. मला म्हणाले, जागा रिकामी आहे. पहिल्या दिवशी स्टुडिओत गेले, तर टेबलावर काकांचा चष्मा होता. मी तो समोर ठेवूनच दोन तास बोलले.”

“पाणी पी जरा,” पत्रबाई म्हणाल्या. “आणि हवामान सांगताना धावत जाऊ नकोस. ढग कुठे पळून जात नाहीत.”

पाचव्या दिवशी एका वर्तमानपत्रानं ते कार्ड जसंच्या तसं छापलं, गोल शिक्क्यासकट. संचालकांनी पत्रबाईंना बोलावून घेतलं.

“हे अक्षर तुमचं?”

“हो साहेब. वळणदार आहे म्हणूनच मला पत्रविभागात घेतलं होतं.”

“यावर अधिकृत शिक्का मारलात तुम्ही! अधिकृत!”

“खरं होतं म्हणून मारला. छापलेल्यावर मारायला हात धजेना.”

“निवृत्तीला किती राहिलंय?”

“चौदा महिने.”

“मग ही अवदसा कुठून आठवली तुम्हाला?”

इतकी वर्षं तुंबलेलं सगळं पत्रबाईंच्या तोंडावाटे एकदम बाहेर पडलं. “साहेब, तुमच्या दारापासून माझ्या टेबलापर्यंत एकवीस पावलं आहेत. दोन वर्षांत तुम्ही ती एकदाही चालला नाहीत. तिथे लोक एका जित्याजागत्या माणसासाठी रडताहेत, आणि तो माणूस किराणा दुकानात स्वतःचं मरण ऐकून घरी येतोय! तुम्ही जिन्यावरून सांगितलंत, श्रोता केंद्राशी जोडलेला असतो. केंद्र कुणाच्या लेकीचं पत्र वाचतं का हो? केंद्राला सर्दी झाली तर लोक काढ्याची कृती पाठवतात का? त्याची नोकरी घ्यायचा अधिकार तुम्हाला असेल. त्याला खोटारडा ठरवायचा कुणी दिला? लाज नाही वाटत?”

संचालकांचा चेहरा लाल झाला.

“हे मी ‘सूचना’ या सदराखाली विचारते आहे,” पत्रबाई म्हणाल्या.

दोन कागद एकाच वेळी टंकून निघाले. एकात सकाळकाकांना सोमवारी सात चोपन्न ते सात एकोणसाठ अशी पाच मिनिटं मंजूर झाली होती. दुसऱ्यात पत्रबाईंची लेखनसामग्रीच्या कोठारात बदली झाली होती.

सोमवारी काका इस्त्रीचा सदरा घालून आले. त्यांच्या मागोमाग संचालकही स्टुडिओत शिरले आणि माइकसमोरच्या खुर्चीत बसले. धोरणातली उदारता स्वतःच्या तोंडून सांगावी, असं त्यांना वाटलं असावं. राष्ट्राचा आवाज, केंद्राची वाटचाल, उज्ज्वल भवितव्य. काचेपलीकडे पत्रबाई घड्याळाकडे बघत दातओठ खात होत्या. एक मिनिट गेलं. दोन गेली. काका बाजूला उभे राहून सदऱ्याचं बटण चाचपत होते. चार मिनिटं गेली.

नवी निवेदिका शेजारी आपल्या माइकपाशी बसली होती. तिनं समोरची आवाजाची एक पट्टी बोटानं खाली ओढली आणि संचालकांची ‘परंपरा’ देशभर ‘परं’ एवढीच पोचली. मग तिनं उठून आपल्या खुर्चीत काकांना बसवलं आणि आपला माइक त्यांच्याकडे वळवला.

पन्नास सेकंद उरले होते.

“सात वाजून अठ्ठावन्न मिनिटं,” काका म्हणाले. “त्या दिवशी मी तुम्हाला ‘उद्या भेटू’ म्हणालो आणि आलो नाही. चूक झाली. तेवढं सांगायचं राहिलं होतं. उद्याही मी येणार नाही. परवाही नाही. आता ही येईल. तिचं ऐका, ती चांगली आहे. बरं तर.”

त्यापुढे आठ सेकंद काहीच वाजलं नाही. रेडिओवर आठ सेकंदांची शांतता हा गुन्हा धरतात. पोरीनं तो होऊ दिला.

कोठारातून पत्रबाई रोज टपालाच्या वेळी वर चक्कर मारू लागल्या. आता गोण्याच्या गोण्या येतील, काकांना परत आणा म्हणून देश पेटून उठेल, संचालकांची पळता भुई थोडी होईल, असं त्यांच्या मनात होतं. पहिल्या आठवड्यात सदतीस पत्रं आली. दुसऱ्यात अकरा. त्यातल्या नऊ जणांना गाणी हवी होती, एकाला बातम्यांचा आवाज मोठा हवा होता आणि शिवणकाम करणाऱ्या बाईंनी लिहिलं होतं: ‘नव्या ताई हल्ली हवामान छान सावकाश सांगतात.’

पत्रबाई धुमसत घरी आल्या. सकाळचा कार्यक्रम आता संध्याकाळीही पुन्हा लावत असत. रेडिओ चालू होता आणि सासूबाई त्याच्या अंगाला अंग लावून बसल्या होत्या.

“आई, मेले तरी लावायची नाही, म्हणाला होतात ना?”

“मग? मेले का मी? श्श, ती बोलतेय.”

“इतक्यात विसरलात काकांना? बोटं मोडून घेतली मी त्यांच्यासाठी!”

सासूबाईंनी आवाज जरा बारीक केला. “विसरेन कशी? पण ते ‘बरं तर’ म्हणाले ना स्वतःच्या तोंडानं. सांगून गेला माणूस. सांगून गेलेल्याची वाट कशी बघायची गं?”

पत्रबाई चप्पल न काढताच खाली बसल्या. म्हणजे त्या पाच मिनिटांसाठी आपण जिवाचं रान केलं आणि त्या पाच मिनिटांनीच लोकांना मोकळं केलं. आता राग काढायचा कुणावर? रात्रभर त्या कूस बदलत राहिल्या.

सकाळी सातालाच येऊन कोठारात कोऱ्या वह्यांच्या थप्प्यांमध्ये त्या बसल्या होत्या, तोच फोन वाजला.

“बाई, मी बोलतोय. एक विचारायचं होतं. दुसऱ्या कुणाला विचारायला लाज वाटते.”

“विचारा की, काका.”

“एकतीस वर्षं या वेळेला मी तिथे असायचो, त्यामुळे घरी रेडिओ असा कधी हाताळलाच नाही. मुलानं माळ्यावरचा एक जुना काढून दिलाय. म्हटलं, ती पोरगी कशी बोलते ते ऐकावं. केंद्राचा आकडा मला पाठ आहे हो, रोज सांगायचो. पण या डबड्यावरचे आकडेच पुसले गेलेत आणि नुसती खरखर येतेय.” फोनमधूनही ती खरखर ऐकू आली. “आपलं केंद्र लावायला सुई साधारण कुठे आणायची?”