फ्रीझरचा प्लग आणि झेंडूचा हार

मित्रांनो, मी एका रेणूचा जुना नमुना आहे. प्लास्टिकचे गोळे, त्यांना जोडणाऱ्या काड्या आणि वर सुकलेला झेंडूचा हार. हार मी मागितला नव्हता.

मला रत्नमालाबाईंनी जोडलं. छत्रपती संभाजीनगरच्या एका महाविद्यालयात त्या रसायनशास्त्र शिकवत. त्यांचा धाकटा भाऊ त्रिंबक वाळूजला कारखान्यात होता. त्याची मूठ आवळली की लवकर उघडत नसे. हात मिळवला की दोस्त म्हणत, "सोड की लेका, लगीन लावतो का माह्यासंगं?" त्रिंबकही हसे. एकदा गाडीचा क्लच हातातून सुटेना, तेव्हा हसणं थांबलं.

दोष त्याच्या पेशींत होता. डीएनएवरून उतरणाऱ्या आरएनएच्या पट्टीत तीच तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येत. पट्टी स्वतःवरच दुमडे आणि कामाची प्रथिनं तिथे अडकून पडत. त्या घडीत नेमका बसेल असा छोटा रेणू घडवला, तर प्रथिनं सुटतील, अशी बाईंना आशा होती. त्या पट्टीसारखी तारेची घडी करून त्या मला तिच्यात बसवून पाहत. मी अडे. मग गोळ्यांचं एक कडं काढत, दुसरं लावत. अशी वर्षं गेली आणि मी बसलो.

माझ्या आकाराचा खरा रेणू त्यांनी उजमा या विद्यार्थिनीसोबत बनवला. चिमूटभर पांढरी पूड. उष्णतेने बिघडणारी, म्हणून फ्रीझरमध्ये ठेवलेली. ती पेशींवरच्या चाचणीला जायची होती.

"आक्का, औषध कवा?" त्रिंबक विचारी.

"औषध लांब आहे रे. आधी चाचणी तर होऊ दे."

चाचणीआधीच बाई गेल्या.

शोकसभा त्यांच्याच प्रयोगशाळेत झाली. मला फोटोशेजारी मांडून हार घातला. माईकच्या प्लगला जागा मिळेना, तेव्हा एका सरांनी फ्रीझरचा प्लग काढला. "थोड्या वेळानं काय होतंय?"

'बाईंचं काम अमर राहील,' हे वाक्य बाईंच्या फ्रीझरच्या विजेवर घुमलं. मग सगळे शांत उभे राहिले. त्या शांततेत फ्रीझरची घरघर नाही, हे कुणाच्याही ध्यानात आलं नाही. सभा संपली, माईक गेला, प्लग लोंबकळत राहिला. मे महिना होता आणि पुढे सुट्ट्या.

उजमाने फ्रीझर उघडला, तेव्हा कुपीत तपकिरी चिकटा उरला होता.

सर म्हणाले, "अगं, एवढीशी तर पूड होती."

"सर, एवढीशीच होती," उजमा म्हणाली.

आज त्रिंबक बहिणीचं सामान न्यायला आला. त्याने मला उचललं आणि मूठ आवळली.

"सुटंना गं, पोरी."

"असू द्या मामा, मी थांबते. मला परत पहिल्यापासून बनवायचंय, नमुना लागंल."

मित्रांनो, माणूस गेलं की फुलं जरूर वाहा. पण त्याआधी त्याने जपलेलं जिवंत आहे ना, ते हात लावून पाहा.

त्रिंबकची बोटं अजून माझ्याभोवती आवळलेली आहेत. समोर उजमा तळहात पसरून उभी आहे.