कोंडलेली मापं

"याला कधी बंद करायचं नाही, आणि कपाट कधी उघडं टाकायचं नाही!" मला आणलं त्याच दिवशी मालकांनी घरात सगळ्यांना बजावलं.

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. ज्यांच्या दोन पायांत फरक असतो, अशांसाठी माझे मालक बूट शिवतात. त्यांच्या वेबसाइटवर मागणी आली, की गिऱ्हाइकाची मापं माझ्याकडे येत. कुणाचा डावा पाय आखूड, कुणाची टाच वळलेली; सारं मी पोटात जपलं. "हा माझा उजवा हात," असं मालक कौतुकाने म्हणत आणि लगेच माझ्या कपाटाला कुलूप लावत.

आत वारा नव्हता. कातड्याची भुकटी पंख्यात बसे आणि मला धाप लागे. फटीतून येणारी उजेडाची रेघ, तेवढंच माझं आकाश.

एकदा एका नर्सबाईंचा फोन आला. "दादा, बुटाचा तळ निघालाय हो. दिवसभर वॉर्डात उभं राहायचं असतं. जुन्याच मापाचे द्या, पण सोमवारी."

मालकांनी शब्द दिला. त्याच दुपारी मी तापून बंद पडलो.

मालकांच्या मुलीने कपाट उघडलं, पंखा झाडला. "बाबा, तुम्ही याला सांभाळलं नाहीत, कोंडलंत!"

मी कसाबसा जागा झालो. तेवढ्यात तिने मापं क्लाउडवर, म्हणजे दूरच्या भाड्याच्या यंत्रांवर हलवली. "तिथली माणसं निगा राखतात, रोज नेमाने प्रत काढतात."

"लोकांच्या घरात आपली ठेव? मग कुणालाच आत सोडू नकोस. कुणालाच!"

तिने तसंच केलं. मालकांनी मापं पाहायला फोनवर वेबसाइट उघडली. पान कोरं!

"गेली गं मापं!" त्यांनी फोन मुलीपुढे धरला.

"कुठे जातायत? तुमच्या हुकमाने आपली वेबसाइटच दाराबाहेर ताटकळतेय. तिला तरी येऊ द्या!"

"बरं बाई, तिला सोड. तिचं कामच आहे."

मापं दिसली. मालकांनी डोळे पुसले नि कातडं कापायला घेतलं.

मी अजून कपाटातच आहे, पोट रिकामं. मित्रांनो, ज्याला जपायचं, त्याचा श्वास कोंडू नका. एवढंच मागणं.

सोमवारी सकाळी मालकांनी नवे बूट कापडात गुंडाळले. "नर्सबाईंना तुटक्या बुटांत इथवर कशाला चालायला लावायचं?" असं स्वतःशीच पुटपुटत, कुणाला न सांगता ते दवाखान्याच्या वाटेला लागले.