गाडी आली की झाडांना पाणी

आमच्या शाळेतल्या झाडांना पाणी मिळतं ते फक्त तपासणीचे साहेब येणार असले की. एरवी मरेनात का! फाटकाशी गाडी थांबली की वर्गावर्गातली कच्ची पोरं उठतात, झाऱ्या उचलतात आणि इमारतीमागच्या वाफ्यांकडे जातात. साहेब वर्गात येतात, उरलेली पोरं घडाघडा वाचून दाखवतात, साहेब चहा पितात, बरा शेरा लिहितात आणि जातात. मग कच्ची पोरं चिखलाचे पाय घेऊन परत बाकांवर. ही पद्धत कुणी पाडली देव जाणे. आमचे मुख्याध्यापक, त्यांना सगळे मोठे सर म्हणतात, ते म्हणायचे, "बाई, शेरा वाईट आला की बोलणी मी खातो, तुम्ही नाही." खोटं नव्हतं ते.

यंदा मात्र सगळं उलटं झालं. जिल्ह्याच्या शिक्षण खात्यानं कच्च्या शाळा सुधारायची योजना काढली. जिथे वाचता न येणारी मुलं जास्त, तिथे वाचन शिकवणाऱ्या एक खास बाई द्यायच्या. त्यांना दुसरं काम नाही. चार-पाच पोरं घेऊन वेगळ्या खोलीत बसायचं आणि अगदी अक्षरांपासून सुरुवात करायची. पण अशा बाया थोड्या आणि शाळा पुष्कळ. म्हणून साहेब स्वतः येऊन पोरांना वाचायला लावणार आणि मग ठरवणार.

मला त्या बाई हव्या होत्या. योजना गेली चुलीत, मला ठकीसाठी हव्या होत्या. ठकी माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, माझ्याच पाचवीच्या वर्गात. घरी मी मावशी, शाळेत बाई. हे ती कधी चुकत नाही. हुशार आहे हो पोरगी! एकदा ऐकलेलं शब्दन् शब्द म्हणून दाखवते. पण अक्षर काही तिच्या डोक्यात ठरत नाही. आज ओळखलं, उद्या गायब. मी घरी तिला घेऊन कितीदा बसले. पण माझा राग नाकावर, आणि माझा आवाज चढला की तिची बोबडी वळते. शाळेत म्हणाल तर वर्ग गच्च भरलेला. शेवटी मी हात टेकले. पुढच्या वर्षी ती मोठ्या शाळेत जाणार. तिथे तिला 'क' कोण शिकवणार आहे, माझं कपाळ? बहीण लाँड्रीत इस्त्री करते. ती म्हणते, "जाऊ दे गं ताई, नाहीच जमलं तर बसेल माझ्या शेजारच्या टेबलाला." म्हणते सहज, पण तेव्हा माझ्याकडे बघत नाही.

मी मोठ्या सरांकडे गेले. म्हटलं, "सर, या वेळी लपवाछपवी नको. कच्ची पोरं पुढे बसवू या."

सर टेबलावरची काच पुसत राहिले. "आयुष्यभर झाकत आलो, आता उघडं करून दाखवू म्हणता?"

"हो. मदत उघडं केलं तरच मिळणार आहे."

त्यांनी काच आणखी पुसली, पण कबूल झाले. बिचाऱ्यांनी शब्दही पाळला. सगळ्यांना बोलावून बजावलं, की कुणालाही बाहेर पाठवायचं नाही. बजावलं ते आम्हा शिक्षकांना. पोरांना सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

त्या दिवशी ठकीला मी पहिल्या बाकावर बसवलं आणि बाकीच्या कच्च्यांना तिच्या आजूबाजूला. फाटकाशी हॉर्न वाजला, तशी मी सरांबरोबर साहेबांना आणायला गेले. परत येऊन दारातून आत बघितलं. पुढे ठकी नाही. कोपऱ्यातल्या झाऱ्या नाहीत. पोरं आपली आपण उठून गेली होती, पहिलीपासून जातात तशी. वर मॉनिटरनं उरलेल्यांना पुढे सरकवून रिकामे बाकही भरून टाकले होते. शहाणी ना!

साहेबांनी चौघापाचांना वाचायला लावलं. सगळ्यांनी घडाघडा वाचलं मेल्यांनी.

मी म्हटलं, "साहेब, कच्ची पोरं मागे आहेत. झाडांना पाणी घालतायत."

साहेब हसले. "बाई, सकाळी ज्या शाळेत गेलो, तिथे पोरांना मुद्दाम अडखळायला शिकवलं होतं. त्यातल्याच एकानं जाताना माझ्या गाडीवरची पाटी खडाखडा वाचली. आता तुम्ही बाहेरून पोरं आणणार?"

मी सरांकडे बघितलं. "खरंच आहेत हो साहेब," सर म्हणाले, पण इतकं हळू, की मलाच जेमतेम ऐकू आलं.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "बरं, एक आणा. एकच."

मी धावत मागे गेले आणि ठकीला हाताला धरून आणलं. पाय चिखलानं भरलेले, फ्रॉक ओला. साहेबांनी पुस्तक मधेच उघडून तिच्यापुढे धरलं. पानावर होडीचं चित्र होतं. ते बघितलं आणि ठकीचे डोळे चमकले. पानावर बोट ठेवून तिनं नावाड्याचा अख्खा धडा म्हणायला घेतला. स्वच्छ आवाज, जिथे थांबायचं तिथे थांबणं, कुठे म्हणून चूक नाही. बोट मात्र केव्हाच पानाच्या तळाला पोचलं होतं, आणि नावाडी अजून नदीच्या मधोमध होता. मला ते दिसत होतं. साहेब मान डोलवत खिडकीबाहेर बघत होते.

"वा!" ते म्हणाले. "शाब्बास, बाळ!"

ठकीनं माझ्याकडे बघितलं. शाळेत तिला कुणी पहिल्यांदाच शाब्बास म्हटलं होतं. मी गप्प बसायला हवं होतं का? मला अजून कळत नाही. मला फक्त त्या खास बाई हातच्या निसटताना दिसत होत्या.

"साहेब, तिला वाचता येत नाही," मी म्हटलं. "चित्र बघून पाठ म्हणतेय ती. चित्र झाका आणि दुसरं कुठलंही पान काढा. एक अक्षर येत नाही हो तिला!"

साहेबांनी पुस्तक मिटलं. "लाज वाटायला हवी बाई. स्वतःच्या विद्यार्थिनीबद्दल असं बोलता, तेही सगळ्यांसमोर?"

ठकीच्या चेहऱ्यावरचं हसू अजून गेलं नव्हतं. त्याचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. ती माझ्याजवळ आली आणि भर वर्गात म्हणाली, "मावशी, मी चुकले का गं?"



शेरा आला 'उत्तम'. खास बाई दुसऱ्या कुठल्यातरी शाळेला मिळाल्या. "एवढ्या नोकरीत पहिलं उत्तम, बाई," मोठे सर म्हणाले आणि डोकं धरून बसले. बहिणीला सांगायला लाँड्रीत गेले, तर तिनं इस्त्रीसुद्धा थांबवली नाही. "साहेब शाब्बास म्हणाले ना तिला? मग झालं तर," ती म्हणाली. शेजारच्या टेबलावरचे कपडे तिनं आधीच उचलून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात म्हटलं, "चला, पुस्तकं काढा."

ठकी उठली. कोपऱ्यातली झारी उचलली आणि दाराकडे निघाली. फाटकाशी गाडी नव्हती, साहेब नव्हते, कुणी कुणी नव्हतं. मी हाक मारायला तोंड उघडलं. पण बोलावून देणार काय होते मी तिला? पुस्तकच ना?

मी तिला जाऊ दिलं. खिडकीतून दिसत होती. कालच्या ओल्याच वाफ्यांना ती पुन्हा पाणी घालत होती.