माप बुलेटचं, अंग घोडीचं

मी झूल बोलतेय. पोळ्याच्या बैलाची नव्हे, घोडीची. लाल मखमल, पिवळी जर, काठाला एकशे आठ आरसे आणि चारी कोपऱ्यांना गोंडे, असा माझा थाट होता. आज माझ्यावर डाग आहेत, डावा काठ कापला गेलाय आणि आरसे मोजायला बसलात तर तीसही भरायचे नाहीत. पण एके काळी मला बघायला जळगावच्या मेहरूण भागातले लोक फाटकाशी थांबायचे. ते घोडीला बघायला थांबायचे असं आमचे आबा सांगतात. सांगू द्या.

माझा जन्म नशिराबादचा. हायवेला लागून दीपमालाताईंचं पत्र्याचं दुकान आहे. गाड्यांच्या सीटची कव्हरं, दप्तरं, पोळ्याच्या तोंडावर बैलांच्या झुली, जे येईल ते त्या शिवतात. एके दिवशी दुकानापुढे एक काळी बुलेट थांबली. पुढे प्रेमराज, बँकेत नोकरी करणारा. मागे त्याचे वडील मोतीलाल आबा, दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, वजन पंच्याण्णव किलो.

"घोड्याची झूल शिवायचीय," आबा म्हणाले. "एक नंबर झाली पाहिजे. आमचं घराणंच घोडेस्वारांचं."

ताईंनी टेप गळ्यातून काढला. "घोडा कुठंय, आबा?"

"घ्यायचाय ना अजून! सारंगखेड्याची यात्रा दीड महिन्यावर आहे."

"मग माप कशाचं घेऊ?"

बाप-लेकांनी एकमेकांकडे पाहिलं, मग बुलेटकडे पाहिलं. "हिचंच घे," आबा म्हणाले. "थोडं वाढवून धर."

असं माझं माप झालं. हँडलपासून मागच्या दिव्यापर्यंत लांबी, टाकीवरून घेर, अधिक एक वीत. ताई तोंडाला पदर लावून हसत होत्या, पण काम त्यांनी मनापासून केलं. मखमल मशीनवर शिवली आणि पोटाखालून घ्यायचा जाड पट्टा मात्र हाताने, दाभणाने. ते दाभण माझ्यात चाळीसेक वेळा शिरलं असेल. ज्याचं टोक सोसलंय ते मी जन्मात विसरणार नाही, आणि हे मी उगीच सांगत नाहीये.

घोडा यायच्या आधी महिनाभर मी आबांच्या दिवाणखान्यात सोफ्यावर पसरले होते. पाहुणे यायचे, मला हात लावायचे, चहा घ्यायचे. समोरच्या भिंतीवर आबांच्या वडिलांचा जुना फोटो होता. धोतर, टोपी, शेजारी उंच घोडा, हात खोगिरावर. "नुकतेच उतरलेत बघा," आबा सांगायचे. "रोज घोड्यावरून धुळ्याला जायचे. आणि टोपीला ती चमकतेय ना, ती चांदीची कलगी. मान होता तेवढा!"

मी ती कलगी पहिल्याच दिवशी ओळखली. ते दाभण होतं. पण सोफ्यावरच्या झुलीला कोण विचारतो?

यात्रेला मला बरोबर नेलं. लोक तिथे घोड्याचे दात बघतात, खूर बघतात, चाल बघतात. आमचे लोक प्रत्येक घोड्यावर मला टाकून बघत होते. एकाला मी लांब झाले, एकाला आखूड, एकाने मला चावून दोन गोंडे खाल्ले. संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजारात बातमी झाली की जळगावचे कुणी आबा झुलीला घोडा शोधतायत. शेवटी सातपुड्याकडच्या रोहिदासच्या एका तांबड्या घोडीवर मी बरोब्बर बसले. आबांनी टाळी वाजवली. "हीच! हिचं नाव बिजली. तीस वर्षं आपण बिजली केंद्रात काढली."

रोहिदासनं घोडीच्या मानेवरून हात फिरवला आणि म्हणाला, "आबा, एक गोट ऐकी ल्या हिनी..."

"अरे, आमच्या घराण्याला घोड्याचं सांगतोस?" आबांनी त्याला थोपटलं आणि फोटोसाठी शेजारी उभं केलं. तो पुन्हा काही बोलायला गेला तेव्हा प्रेमराज म्हणाला, "भाऊ, इकडे बघा, हसा." रोहिदास हसला. त्याची गोट, म्हणजे गोष्ट, त्याच्या तोंडातच राहिली, आणि पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

मेहरूणला गाडी लावायच्या जागेत बिजलीसाठी शेड झाली. या घराचं अश्वप्रेम मी जवळून पाहिलंय, घोडीच्या पाठीवरून पाहिलंय, तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवा. पहिल्या महिन्यात तिच्याबरोबर चारेकशे फोटो निघाले आणि बसलं एकदाही कुणी नाही. प्रेमराजला कंबरेचा त्रास होता. आबा म्हणायचे, "मुहूर्तावर बसायचं." घोडेस्वारांचं घराणं रोज बुलेटवरून दूध आणायला जायचं. बिजलीला चारा घालणं, पाणी दाखवणं, लीद काढणं हे सगळं सून हेमलताकडे होतं, आणि तिचा एकाही फोटोत पत्ता नव्हता, कारण फोटो तीच काढायची.

मुहूर्त ठरला तो मे महिन्यातला. आबांचा अमृतमहोत्सव. मेहरूण तलावापासून हॉलपर्यंत मिरवणूक, डीजे, ड्रोन, आणि पत्रिकेत सोनेरी अक्षरांत छापलेलं, "सत्कारमूर्ती अश्वारूढ होऊन येतील." पत्रिका पाचशे घरी पोचल्या.

मला मात्र होळीपासूनच काहीतरी जाणवत होतं. माझा पोटपट्टा आधी तिसऱ्या भोकात लागायचा, तो दुसऱ्यात आला, मग पहिल्यात. मखमलीच्या खाली, डाव्या अंगाला, कधी कधी काहीतरी आतून हलायचं. मला आनंद व्हायचा की भीती वाटायची ते मलाच समजत नव्हतं.

सोहळ्याच्या आठ दिवस आधी रंगीत तालीम झाली आणि पट्टा लागेचना. चार बोटं कमी पडला. प्रेमराजनं ओढला, आबांनी ओढला, बिजलीनं कान मागे टाकून पाय आपटला.

"कापड आटलं," आबांनी निकाल दिला. "हेमलता, मशीनला टाकली होतीस का ही?"

"नाही, आबा. मी तर फक्त झटकते."

"मग त्या शिवणारणीनं कापडच हलकं वापरलं." नाचता येईना अंगण वाकडं, ते असं. फोन गेला. फोनवर आबा बरंच बोलले. चार गावांत सांगीन, असंही बोलले.

दीपमालाताई तासाभरात आल्या त्या लालबुंद होऊन. गाडीवरून उतरल्या, मला अंगणात पसरलं आणि टेप लावला. वहीत लिहिलेलं जुनं माप सगळ्यांना दाखवलं. एका बोटाचाही फरक नव्हता.

"आबा, माझं शिवण आटत नाही. झूल आहे तेवढीच आहे. घोडी वाढलीय."

ताईंचं नाव वाचलं म्हणून मला बरं वाटलं, पण ते क्षणभरच. कारण आबांनी लगेच आपलं घोडं दामटलं. "म्हणजे खाऊन सुस्तावली! प्रेमराज, आजपासून चारा निम्मा. सकाळ-संध्याकाळ तळ्याभोवती पळव."

आणि खरंच तसं झालं. हातावर पावलं मोजणारं घड्याळ बांधून प्रेमराज स्वतः स्कूटरवर आणि घोडी मागे, असा व्यायाम सुरू झाला. पंचेचाळीस अंशाच्या उन्हात! तिसऱ्या दिवशी बिजली शेडशी येऊन मान खाली घालून उभी राहिली, तिचे पाय थरथरत होते. हेमलता दुपारी सगळे झोपले की गुपचूप गूळ-भाकरी आणून भरवायची आणि म्हणायची, "काय होतंय गं तुला? मला का असं वाटतंय सारखं?" तिला वाटत होतं ते खरं होतं. पण अश्वतज्ज्ञांच्या घरात सुनेच्या वाटण्याला किंमत नव्हती. मला तोंड असतं तर मी त्या दिवशी किंचाळले असते. पंच्याण्णव किलोचे आबा पाच दिवसांनी या पाठीवर बसणार होते, पुढे डीजे आणि खाली डांबर.

मला उसवून कळी, म्हणजे वाढीव पट्टी, जोडायला दीपमालाताई पुन्हा आल्या, त्याच दिवशी धुळ्याकडून द्रौपदाबाई अक्का आल्या. आबांची मोठी बहीण, ब्याऐंशी वर्षांची, डोळ्यांनी अधू. सगळे आबांना आबा म्हणतात, ती एकटी मोत्या म्हणते. रिक्षातून उतरली ती काठी टेकत सरळ शेडकडे. "घोडी लयनी म्हने मोत्यानी. कोठे शे?"

हेमलतानं हात धरून नेलं. अक्कानं बिजलीच्या मानेवर तळहात ठेवला. मानेवरून पाठीवर, पाठीवरून बरगडीवर, बरगडीवरून पोटाखाली, हात कुठेही न उचलता. घोडी जी आठवडाभर हेमलताशिवाय कुणाला जवळ येऊ देत नव्हती, ती डोळे मिटून उभी राहिली. अक्काचा हात डाव्या अंगाला थांबला.

"मोत्या, इकडे ये. हिनं कापड आटनं म्हने?"

"हो, अक्का. कापडच..."

"कापड नही आटनं. घोडी गाभन शे. नववा महिना व्हई."

रोहिदासच्या तोंडात राहिलेली गोट ती हीच. हेमलताच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दीपमालाताईंनी हातातली सुई खाली ठेवली. प्रेमराज घड्याळ काढून खिशात घालायला लागला.

आबा सावरले. "अक्का, पण पत्रिका वाटल्यात. पाचशे. एका तासाचा तर प्रश्न आहे. आणि तुला गं काय कळतं घोड्यातलं?"

"माले नही कळी तं कोनले कळी? बा खोगीर शिवे अन घोडीले मी धरू. तू तवय रांगे." अक्का दिवाणखान्याकडे वळली. फोटो तिला दिसत नव्हता, पण तो कुठे आहे हे ठाऊक होतं. "बा घोडावर बठे असं तू लोकेसले सांगस म्हने. बा जलमभर घोडावर बठना नही. मालकना घोडाना मांगे पायी चाले. त्या टोपीमा काय शे, देख. दाभन शे ते."

आबांची मान खाली गेली. वडील खोगीर शिवायचे हे त्यांना ठाऊक होतं. तेच तर झाकायला कलगी लागली होती. पुढचं मात्र त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं.

"एकदाव मालकनी गाभन घोडीवर खोगीर टाकाले सांगं," अक्का म्हणाली. "बानी टाकं नही. मालक वरडना. बा खोगीर बगलमा मारीसन घर उना. दोन महिना आपुन कोरडी भाकर खादी, मोत्या. अन तू वाढदिवसकरता तिनावर बठशी?"

 आबा पुढे झाले, मला ताईंच्या मांडीवरून उचललं, आणि माझी घडी घालायला लागले. त्यांना घडी घालता येत नव्हती. हेमलतानं दुसरं टोक धरलं.

"चारा घाल गं तिला," एवढंच ते म्हणाले. "पोटभर."

राहता राहिली मिरवणूक. प्रेमराज म्हणाला, दुसरी घोडी भाड्यानं आणू. आबा नको म्हणाले. तेव्हा दीपमालाताई हळूच म्हणाल्या, "आबा, झुलीचं माप मी कशावर घेतलं होतं?"

तर वाचकहो, अमृतमहोत्सवाच्या दिवशी मी बुलेटवर होते. काय बसले होते म्हणून सांगू! कुठे सुरकुती नाही, कुठे ओढ नाही. सगळी जळगावनगरी हसत होती आणि मधोमध आबा फेटा बांधून गंभीर चेहऱ्यानं बसले होते. हॉलच्या उघड्या दाराशी बुलेट लावली आणि आत निवेदकानं माइकवर सुरुवात केली, "घोडेस्वारांच्या थोर घराण्याचे वारस..." आबांनी त्याच्या हातातून माइक घेतला. माझा धागा न् धागा ताठ झाला.

"माझे वडील घोड्यावर कधी बसले नाहीत," आबा म्हणाले.  "ते घोड्यांची खोगिरं शिवायचे. गाभण घोडीवर खोगीर टाकलं नाही म्हणून त्यांनी नोकरी सोडली."  अक्कानं पदर डोळ्यांना लावला. इथं थांबायचं, पण थांबतील तर ते आबा कसले? "खोगीर शिवण्याची आमच्या घराण्याची सात पिढ्यांची परंपरा आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. अक्का शेजारच्या बाईला म्हणाली, "एकच पिढी व्हती वं बाई."

जुलैत एका पहाटे बिजली व्याली. अक्का मुद्दाम राहिली होती. जमीन ओली होती म्हणून हेमलतानं हाताशी आलं ते खाली अंथरलं, ती मी होते. माझ्या मखमलीवर एक ओलं, लांब पायांचं, तांबडं शिंगरू उतरलं. आरसे फुटले, जर गेली, मला त्याचं काही वाटलं नाही. प्रेमराज फोन आणायला पळाला आणि परत येईस्तोवर शिंगरू उभं राहिलं होतं, त्यामुळे माझ्या आयुष्यातल्या या सगळ्यात मोठ्या कामाचा एकही फोटो नाही.

आता थंडी तोंडावर आलीय. शिंगरासाठी पांघरूण हवं, म्हणून माझा डावा काठ कापलाय, उरलेलीही हळूहळू कापली जाईन. शिवतायत स्वतः आबा, पंच्याहत्तराव्या वर्षी, दीपमालाताईंच्या देखरेखीखाली. या खेपेला शिंगरू आधी आणि माप नंतर. बोटं रोज भोसकून घेतात. तुम्हाला जाता जाता माझी एकच विनंती आहे. कुणाच्याही पाठीवर मला टाकायच्या आधी तिथे तळहात ठेवा, आणि खालून कोण काय सांगतंय ते ऐका.

आज सकाळी आबांनी चार बोटं शिवण घातली आणि मोठ्या ऐटीत ताईंपुढे धरली. "सात पिढ्यांचा हात आहे. कसाय टाका?"

ताईंनी चष्मा वर केला. "वाकडाय, आबा. उसवा."

आबांनी फोटोकडे एकदा पाहिलं. मग दाभण टोपीत खोचलं आणि मुकाट्यानं उसवायला बसले.