नाकापर्यंत न पोचलेला दात

"डॉक्टर, हा दात असाच वाढत राहिला तर नाकाला टेकेल का हो?"

आमच्या मालकिणीनं खुर्चीत आडवं पडता पडताच विचारलं. वर्गातल्या बाकावरच्या दोघी मैत्रिणींनी पैज लावली होती ना, "विचारून दाखव, तर खरी!" मग काय, विचारलंच!

मित्रांनो, तो दात म्हणजे मी! खालच्या ओळीतला, मधला, डावा. मी एक जुना दात आहे. या तोंडातला पहिला दुधाचा दात पडला, त्याच्या जागी मीच आलो. आठ वर्षं नोकरी झाली, एका दिवसाची रजा नाही! मी उगवलो तेव्हा आई टॉर्च घेऊन धावली होती. "अगंबाई, आला की!" काय ते कौतुक!

पण आमची खालची ओळ मुळातच उतावळी. वरचे दात पुढे आणि खालचे मागे, अशी जगाची रीत. आमच्याकडे सगळं उलटं. तोंड मिटलं की आम्ही पुढे. वर्गात तिचं नाव पडलं 'ड्रॉवर'. "ए ड्रॉवर, बंद हो की!" पूर्वी ती ओठ मिटून गप्प बसायची. यंदा भाषणात पहिली आली आणि तिला कंठच फुटला. आता म्हणते, "किल्ली हरवलीय!" आणि आम्हा सगळ्यांना बाहेर काढून खो-खो हसते.

मला मात्र चावताना दर वेळी वरच्या दाताची मागून ढुशी बसायची. त्यात ती मला घासायची कशी? चिखलाचे बूट घासावेत तशी! कडक ब्रश, आडवा हात, खसाखसा. महिन्याभरात ब्रशचा झाडू व्हायचा. आई आत्याला अभिमानानं सांगायची, "दातांच्या बाबतीत पोरगी फार काटेकोर हं!"

हळूहळू मी लांब दिसू लागलो. तिला वाटलं, मी वाढतोय. घासून झिजेल, म्हणून ती मलाच दुप्पट घासू लागली! दुर्लक्षानं किडलेले दात तुम्ही पाहिले असतील. माझ्यावर कौतुकानं मरायची पाळी आली होती. गार पाण्याचा घोट आला की मी मुळापर्यंत शहारायचो.

डॉक्टरबाई प्रश्नाला हसल्या नाहीत. त्यांनी तिच्या हातात आरसा दिला.

"दात आहे तेवढाच आहे. जोरात घासून घासून हिरडी खाली सरकलीय, म्हणून मूळ उघडं पडलंय. आणि गेलेली हिरडी आपणहून परत येत नाही, बाळ."

वाटा दोन होत्या. मला काढून टाकायचं, लगेच तारा लावून बाकीचे पुढे आलेले दात त्या जागेत मागे ओढायचे. नाहीतर टाळूच्या कातडीची छोटी पट्टी काढून माझ्या उघड्या मुळावर शिवायची, तीन-चार महिने थांबायचं आणि मग तारा. "दोन्ही जमण्यासारखं आहे. घरी बोला," त्या म्हणाल्या.

घरी बाबा म्हणाले, "एक दात गेला तर काय आभाळ कोसळतंय? टाके-बिके कशाला?"

"टाळू कापायची? नको गं बाई!" आईनं स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

आमची मालकीण उठून आरशाशी गेली. डॉक्टरबाईंनी दिलेला नवा मऊ ब्रश घेतला, हिरडीपासून वर, अगदी हळू फिरवला. मित्रांनो, आम्हाला जोर नको असतो हो! हलका हात आणि दोन निवांत मिनिटं द्या, आम्ही जन्मभर राबतो.

तिनं चूळ भरली, माझ्यावर एक बोट ठेवलं आणि तशीच ओल्या हनुवटीनं बाहेर आली.

"आई, बाबा, ऐका. चूक माझ्या हातानं केली, शिक्षा याला का? टाळू कापू दे, टाके पडू दे. हा दात राहणार! तोवर ड्रॉवर आणखी चार महिने उघडा राहिला, तरी चालेल मला."